गीझरच्या सॉकेटमधला काळा तुकडा : १९७३ सालच्या एका फ्लॅटचं वायरिंग बदलताना

पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला १९७३ साली बांधलेली एक सोसायटी आहे. तीन मजले, बारा फ्लॅट, नऊ इंची विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब. पानशेतच्या पुरानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत या भागात अशा कितीतरी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या बऱ्याच आता पन्नाशी ओलांडून दुरुस्तीला आल्या आहेत. त्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचं काम मी गेल्या वर्षी मे महिन्यात केलं. त्या कामात जे सापडलं ते इतर अनेक घरांत असणार याची मला खात्री आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक आहे. माझ्याबरोबर जे वायरमन आहेत त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो.

घर काका-काकूंचं. काका बँकेतून निवृत्त, वय ७४. स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, रंग आणि दोन एसी असं काम निघालं होतं. इंटिरिअरच्या ठेकेदाराने वायरिंगसाठी "जुन्या पाइपातून नवी वायर ओढून देतो" एवढाच आकडा दिला होता. मला बोलावलं ते त्यांच्या मुलीने, तेही वेगळ्याच कारणासाठी. काकू तिला म्हणाल्या होत्या, "अगं, वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. आणि गीझर चालू असताना नळाला पण कधीकधी."

ठेकेदाराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बाथरूम आठ वर्षांपूर्वीच नवीन केलंय, तिकडचं वायरिंग नवं आहे, त्याला हात लावायची गरज नाही. पहिल्या दिवशी मीही ते ऐकून घेतलं आणि तपासणी स्वयंपाकघरापासून सुरू केली. ती चूक होती. ज्या घरात कुणी झिणझिण्यांची तक्रार करतं, तिथे आधी त्या जागेकडे जायचं, बाकी सगळं नंतर.

घरात काय होतं

दारामागे लाकडी बोर्डावर जुना लोखंडी मेन स्विच, त्यात दोन किटकॅट, म्हणजे चिनीमातीचे जुने फ्यूज. एक फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, एक न्यूट्रलला, म्हणजे ती परत नेणाऱ्या तारेला. पूर्वी ही पद्धत सर्रास होती आणि ती धोक्याची आहे. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवे बंद होतात, माणसाला वाटतं वीज गेली, पण घरभर फेज जिवंत असते. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज ठेवू नये असं नियम फार पूर्वीपासून सांगतात. फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूजची तार नव्हती. कुठल्या तरी कॉर्डमधले तांब्याचे चार-पाच तंतू पिळून घातले होते. अशी तार भार फार वाढला तरी वेळेत वितळत नाही, तोपर्यंत भिंतीतली वायर तापून जळू शकते.

भिंतीतली वायर ॲल्युमिनियमची. साठ-सत्तरच्या दशकांत तांबं बहुतांशी आयात करावं लागे, म्हणून घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनियम आलं. ॲल्युमिनियम वीज वाहून नेण्यात वाईट नाही, आजही खांबावरच्या तारा त्याच्याच असतात. दुखणं आहे ते जोडांवर. हवा लागली की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो थर वीज जाऊ देत नाही. तापलं की ते तांब्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं, आणि स्क्रूखाली दाबलेलं टोक वर्षानुवर्षं हळूहळू चेपत जातं. म्हणजे स्क्रू कुणी सैल केलेला नसतो, तरी जोड सैल होतो. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. हॉलच्या बोर्डात मामांनी न्यूट्रलचं टोक हलकेच सरळ केलं तर ते हातात तुटून आलं. बाजूचं बॅकेलाइट तपकिरी होऊन फुगलेलं होतं.

मेगर लावला. हे ५०० व्होल्ट डीसी सोडून वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र. त्याआधी सगळी उपकरणं काढावी लागतात, बल्ब उतरवावे लागतात, नाहीतर मेगर त्यांचाच आकडा दाखवतो. निदान एक मेगओहम यायला हवा. हॉलच्या सर्किटला ०.३ आला. पंख्याच्या हुकापाशी वायरचं आवरण बोट लावलं की पापडासारखं तुटत होतं. तिथे स्लॅबची उष्णता आणि पंख्याची थरथर दोन्ही पन्नास वर्षं झेललेली.

इथवर काही नवल नव्हतं. १९७३ सालच्या घरात हे असायचंच. वायर जुनी आहे, बदला, एवढाच निष्कर्ष निघाला असता.

गीझरचं सॉकेट

दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये गेले. वॉशिंग मशीन बाहेरच्या पॅसेजमध्ये. तिच्या पत्र्यापासून फरशीवरच्या ओल्या फडक्यापर्यंत मीटर लावला तर १०८ व्होल्ट. काकू घाबरल्या, पण याचा उलगडा सोपा आहे. हल्लीच्या मशीनमध्ये एक फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून मशीनच्या सांगाड्याला जोडलेले असतात. अर्थिंग, म्हणजे सांगाड्यापासून जमिनीपर्यंत नेलेली सुरक्षेची तार, असलं तर तो किंचितसा प्रवाह अर्थच्या वायरीतून निघून जातो. नसलं तर सांगाडा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. प्रवाह एक मिलिअँपिअरहून कमी, झिणझिण्या येतात, जीव जात नाही. पण तो एक पक्का निरोप असतो की या सॉकेटला अर्थ नाही. उद्या मशीनमध्ये खरा बिघाड झाला तर तो प्रवाह जायला काकूंच्या हाताखेरीज दुसरी वाट नाही.

मग गीझरचं सॉकेट. सोळा अँपिअरचं, चांगल्या कंपनीचं, चकचकीत. फेज ते न्यूट्रल २३१ व्होल्ट. फेज ते अर्थ २३१ व्होल्ट. न्यूट्रल ते अर्थ बरोबर शून्य. आकडे पाहून मामा म्हणाले, "ताई, इथे अर्थ एकदम चांगली आहे."

मला ते शून्य खटकलं. भार चालू असताना खऱ्या अर्थ आणि न्यूट्रलमध्ये एक-दोन व्होल्टचा तरी फरक दिसतो, कारण न्यूट्रलच्या वायरीतून प्रवाह वाहत असतो आणि अर्थमधून नसतो. आणि शेजारच्या सॉकेटला अर्थच नाही, तर इथे एवढी उत्तम अर्थ आली कुठून? मेन बंद केला, दोन्ही किटकॅट काढून खिशात ठेवले आणि सॉकेट उघडलं.

आत अर्थच्या पिनला वायर होती, पण ती भिंतीकडे जात नव्हती. चार सेंटीमीटरचा काळा तुकडा न्यूट्रलच्या स्क्रूवरून उचलून अर्थच्या स्क्रूला लावला होता.

याचा अर्थ काय ते काका-काकूंना मी जेवणाच्या टेबलावर कागदावर काढून दाखवलं. गीझरची टाकी, म्हणजे तिचा लोखंडी सांगाडा, घराच्या न्यूट्रलला बांधला गेला होता. न्यूट्रल धड आहे तोवर काही कळत नाही. पण न्यूट्रलच्या वाटेवर होतं काय, तर सैल झालेले ॲल्युमिनियमचे जोड आणि एक किटकॅट फ्यूज. सैल जोडामुळे गीझर चालू असताना त्या सांगाड्यावर काही व्होल्ट चढत होते, ओल्या हाताला नळातून लागायचे ते हेच. आणि फ्यूज उडाला असता, किंवा जोड तुटला असता, तर? हॉलमध्ये पंखा चालू आहे, फ्रिज चालू आहे. फेज पंख्यातून, फ्रिजमधून शिरून न्यूट्रलच्या वायरीत येते आणि परत जायला वाट नसल्याने त्या काळ्या तुकड्यावरून गीझरच्या टाकीवर चढते. अशा वेळी गीझरचा स्विच बंद असला तरी फरक पडत नाही, कारण स्विच फेजमध्ये असतो, न्यूट्रलमध्ये नाही. घरात वीज गेली असं वाटून माणूस बाथरूममध्ये जातो, नळाला हात लावतो.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठ वर्षं नातवंडं इथेच आंघोळ करतात."

मी तो तुकडा तिथेच कापला आणि काम पुरं होईपर्यंत गीझर बंद ठेवायला सांगितलं.

अर्थ गेली कुठे

आठ वर्षांपूर्वी ज्याने हे केलं त्याला शिव्या देऊन मी मोकळी झाले असते, पण प्रश्न उरतोच. त्याने असं का केलं? सॉकेटला लावायला अर्थच सापडली नसणार. मग मूळची अर्थ कुठे होती?

ती सापडली स्वयंपाकघराच्या मोरीवर. बांधकामाच्या वेळी घरभर जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, उघडी तार फिरवली होती आणि तिचं टोक मोरीजवळच्या पाण्याच्या जीआय पाइपला पट्टीने आवळलं होतं. त्या काळात हे चालायचं. लोखंडी पाइप थेट जमिनीत जायचा, त्यामुळे पाण्याचा नळ हीच अर्थ. बाथरूम नवीन करताना प्लंबरने गंजलेले पाइप काढून सीपीव्हीसी प्लास्टिकचे घातले, आणि सोसायटीने दोन वर्षांनी खालून येणारी मुख्य लाइनही प्लास्टिकची केली. दोघांनीही आपलं काम नीट केलं. फक्त त्या दिवशी घराची अर्थ गेली आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण अर्थ गेल्याने एकही दिवा विझत नाही. तार भिंतीवर होती, पट्टी जागेवर होती, पट्टीच्या खाली चार इंच जीआयचा तुकडाही शिल्लक होता. त्याच्या पुढे प्लास्टिक.

वायरिंगच्या कामात मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. फेज चुकली तर दिवा लागत नाही, ताबडतोब कुणीतरी बोलावतं. अर्थ चुकली तर सगळं छान चालू राहतं. प्लंबर, फरशीवाला, रंगारी यांच्यापैकी कुणीही तिला तोडू शकतो आणि त्यातल्या कुणालाही ते कळत नाही.

मीटरच्या खोलीत गेले. तिथे इमारतीचा मूळ अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा घातलेला, पाइपाचा. त्याच्याकडे जाणारी जीआय पट्टी जमिनीपासून वीतभर वर गंजून तुटली होती. आपल्याकडे खांबावरून घरगुती जोडणीला बहुधा फेज आणि न्यूट्रल दोनच तारा येतात, अर्थ इमारतीची स्वतःची असावी लागते. म्हणजे प्रश्न या एका फ्लॅटचा नव्हता. बाराही घरं अर्थविना होती.

इथे काम सहा दिवस अडलं. सोसायटीची परवानगी, त्यासाठी समितीची बैठक. एका सभासदांनी विचारलं, "पन्नास वर्षांत काही झालं नाही, आताच काय एवढं?" मी त्यांना गीझरमधला तो काळा तुकडा दाखवला, सोबत नेला होता. मग मीटरखोलीतली तुटलेली पट्टी दाखवायला सगळ्यांना खाली नेलं. तासाभरात ठराव झाला. दोन नवे अर्थिंगचे खड्डे, तिथून वर प्रत्येक मजल्यापर्यंत तांब्याची पट्टी, खर्च बारा घरांत वाटून.

पुण्याच्या जमिनीत थोड्याच खोलीवर मुरूम आणि काळा कातळ लागतो, त्यात ओल टिकत नाही. पावसाळ्यात मोजलेली अर्थ चांगलीच दिसते. म्हणून मी मोजणी मे महिन्यातच केली, पावसाआधी. दोन्ही खड्डे जोडून ३ ओहमच्या आसपास आकडा आला.

आता एक हिशेब सांगते, कारण "अर्थिंग केलंय, मग ते आरसीसीबी कशाला" असं मला नेहमी विचारतात. आरसीसीबी म्हणजे फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत आला नाही की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. समजा गीझरमध्ये फेज थेट टाकीला टेकली. वाटेत आपली ३ ओहमची अर्थ आणि ट्रान्सफॉर्मरकडची समजा २ ओहमची. प्रवाह किती, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. गीझरला २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, आहे. तो झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे किमान शंभर अँपिअर लागतात. ४६ अँपिअरला तो तापून पडेल, पण त्याला अर्धं मिनिट, मिनिटभरही लागू शकतं. तेवढा वेळ टाकीवर ४६ गुणिले ३, म्हणजे १३८ व्होल्ट. चांगली अर्थ असूनही. उलट ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी इतका हळवा असतो की अर्थ १०० ओहमची असली तरी टाकीवर तीन व्होल्ट चढायच्या आत तो पडतो. आणि अर्थ नसेल तर आरसीसीबी पडतो खरा, पण माणसाच्या अंगातून प्रवाह गेल्यावर. दोन्ही लागतात. एकाच्या ऐवजी दुसरं चालत नाही.

भार आणि मांडणी

हे काम तसं ठरलेल्या वाटेचं, म्हणून थोडक्यात. बिलावर मंजूर भार १ किलोवॅट होता. नव्या घरात दोन एसी मिळून ३.२, गीझर २, इंडक्शन २, वॉशिंग मशीनचा हीटर धरून २, मायक्रोवेव्ह १.२, इस्त्री १, दिवे-पंखे-फ्रिज-टीव्ही साधारण १ किलोवॅट. बेरीज १२.४. सगळं एकदम कधीच चालत नाही. निम्मं धरलं तर ६ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे २६-२७ अँपिअर. जुनी मेन चार चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची होती, तिच्या बसची ही गोष्ट नव्हती. मीटरपासून १० चौरस मिलिमीटर तांबं आणलं, महावितरणकडे भार वाढवून घेतला.

आत बारा जागांचा डीबी, म्हणजे सगळे एमसीबी एकत्र बसवायचा डबा. दिव्यांची दोन सर्किटं दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत, १० अँपिअरच्या एमसीबीवर. स्वयंपाकघराच्या सॉकेटांना अडीचची दोन वेगळी सर्किटं. प्रत्येक एसीला आणि गीझरला स्वतंत्र चारची वायर आणि २० अँपिअर. मामा अजून "तीन-वीस", "सात-वीस" असंच बोलतात. जुन्या मापात तीन तंतू वीस नंबरचे म्हणजे दोन चौरस मिलिमीटरच्या आतबाहेर, सात-वीस म्हणजे साडेचार. तुमच्या घरी जुना वायरमन ही मापं बोलला तर गोंधळू नका, पण बिलावर चौरस मिलिमीटर लिहून घ्या आणि वायरीवर आयएसआयची खूण बघा.

आरसीसीबी एकच घालायचा आग्रह ठेकेदाराचा होता, स्वस्त पडतो म्हणून. मी दोन घातले. एकावर पाण्याजवळचं सगळं, गीझर, मशीन, ओट्यावरची सॉकेटं. दुसऱ्यावर दिवे, फ्रिज, एसी. एक पडला तर माणसं अंधारात राहू नयेत. मात्र दोन आरसीसीबी म्हणजे न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन, आणि एकीवरचा न्यूट्रल दुसरीवर जाता कामा नये. इन्व्हर्टर असेल तर इथे हमखास चूक होते, कारण बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमधून न्यूट्रल सरळ आरपार जातो आणि वायरमन तो जवळ दिसेल त्या पट्टीला लावतो.

भिंतींबद्दल मात्र मला भांडावं लागलं. ठेकेदाराच्या माणसांनी हॉलच्या नऊ इंची भिंतीवर कमरेच्या उंचीला आडवी रेघ मारून ठेवली होती, कटर चालवायला. ती भिंत वरचा भार पेलते आहे. तिच्यात उभी खाच चालते, फार खोल नसेल तर. आडवी लांब खाच म्हणजे भिंतीची जाडी तेवढ्या पट्ट्यात कमी करणं. रेघ पुसली. स्लॅबमधले जुने लोखंडी पाइप तपासले. पंख्यांच्या पाचपैकी तीन पाइपांतून नवी वायर ओढता आली, दोन गंजून बुजलेले. त्या दोन ठिकाणी छताजवळून केसिंग-कॅपिंग, म्हणजे भिंतीवरून जाणारी वायर झाकायची पट्टी, बसवलं. काकूंना पट्टी दिसलेली आवडली नाही. त्यांना मी खोटं समाधान दिलं नाही. पट्टी दिसेल, पण भिंत शाबूत राहील, असं सांगितलं. शेवटी त्यांनीच रंगाऱ्याकडून ती भिंतीच्या रंगात रंगवून घेतली.

ओट्याच्या टाइल्स लागायच्या आत सगळे पाइप आणि बॉक्स बसवून झाले. पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मेजर टेप धरून, फोटो काढला. ते फोटो काकांनी छापून डीबीच्या दाराच्या आत लावले आहेत. पुढे कुणी खिळा ठोकायला येईल तेव्हा उपयोगी पडतील.

सात वाजता पडणारा आरसीसीबी

वीज चालू केली त्या दिवशी मेगरला सगळी सर्किटं शंभर मेगओहमच्या वर. दोन्ही आरसीसीबीची चाचणी घेतली, बटणानेही आणि यंत्रानेही. दोन्ही ४० मिलिसेकंदांच्या आत पडले. मी समाधानाने घरी गेले.

संध्याकाळी सव्वासातला फोन. दिव्यांचा आरसीसीबी पडला आणि उचलत नाही. मी पोचेपर्यंत नऊ वाजले, मी तिथे असतानाही उचलेना. सकाळी सहा वाजता मात्र काकांनी उचलला तर राहिला. दिवसभर ठीक. पुन्हा संध्याकाळी सातला पडला.

दोन दिवस आम्ही टीव्ही, इन्व्हर्टर, फ्रिज, एसी एकेक करून सोडवले. इन्व्हर्टरचा न्यूट्रल तिसऱ्यांदा तपासला. ठेकेदार म्हणाला, आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका, साधा आयसोलेटर, म्हणजे नुसता चालू-बंदचा स्विच, लावा. हा सल्ला देशभर दिला जातो आणि पाळला जातो, आणि त्यामुळे किती घरांतला हा एकमेव पहारेकरी काढून टाकला गेला असेल याचा विचार करून मला वाईट वाटतं. आरसीसीबी विनाकारण पडत असेल असं वाटतं तेव्हा नव्वद टक्के वेळा कारण असतंच, आपल्याला सापडलेलं नसतं.

कारण काकूंनी सापडवलं. त्या सहज म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मला वाटलं सगळ्यांचीच लाइट गेली, कारण आपली गेली की जिन्यातली पण जाते."

मी आणि मामांनी एकमेकांकडे पाहिलं. जिन्यातला दिवा सोसायटीच्या सामाईक मीटरवर आहे. आमचा आरसीसीबी पडल्यावर तो विझायचं काहीच कारण नव्हतं, त्याचा न्यूट्रल आमच्या घरातून जात असल्याशिवाय. आणि तो दिवा वॉचमन रोज संध्याकाळी सातला लावतो.

हॉलचा बोर्ड उघडला. दाराच्या बाजूने भिंतीतून आलेली एक जुनी काळी ॲल्युमिनियमची वायर मामांनी हॉलच्या दिव्याचा न्यूट्रल समजून नव्या न्यूट्रलला जोडली होती. ती जिन्यात जात होती. सुरुवातीला जिन्यातला दिवा या फ्लॅटच्याच मीटरवर असणार. पुढे सोसायटीने सामाईक मीटर घेतला तेव्हा कुणीतरी फक्त फेज तिकडे नेली, न्यूट्रल तसाच राहू दिला. फ्यूजच्या काळात याने कुणाचं काही बिघडलं नाही. आरसीसीबी मात्र एकच गोष्ट बघतो, फेजमधून जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलमधून परत आलं का. जिन्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब. ९ भागिले २३०, म्हणजे ३९ मिलिअँपिअर. हा प्रवाह आमच्या न्यूट्रलमधून जात होता आणि आमच्या फेजमधून मुळीच येत नव्हता. मर्यादा तीसची. एक नऊ वॅटचा बल्ब आमचं घर अंधारात ढकलत होता, आणि आरसीसीबी आपलं काम बरोबर करत होता.

ही चूक माझी धरते, मामांची नाही. वीज चालू करण्याआधी प्रत्येक जुन्या वायरीचं दुसरं टोक कुठे आहे ते शोधून तिला चिठ्ठी बांधायला हवी होती. न ओळखलेली वायर जोडायची नाही, टोक झाकून बाजूला ठेवायची. आम्ही नव्या वायरींना चिठ्ठ्या बांधल्या होत्या, जुन्यांना नाही, कारण जुन्या सगळ्या काढल्या असं धरून चाललो होतो.

जिन्यातल्या दिव्यासाठी सामाईक मीटरपासून फेज आणि न्यूट्रल दोन्ही नव्याने ओढले. त्यानंतर तो आरसीसीबी पडलेला नाही. काकांना मात्र हे ऐकून जुनी गोष्ट आठवली. ते कोकणात गावाला जाताना मेन बंद करून जायचे आणि परत आल्यावर सेक्रेटरी सांगायचे, तुम्ही नव्हता तेव्हा पहिल्या मजल्यावरचा बल्ब गेला होता, बदलला तरी लागेना, आता आपोआप लागला. कितीतरी वर्षं असं चाललं होतं.

खर्च आणि कागद

वायर, डीबी, स्विच, मजुरी सगळं धरून दीड लाखाच्या थोडं आत. अर्थिंगचा वाटा प्रत्येक घराला साडेचार हजार. ठेकेदाराच्या मूळ अंदाजात यातलं निम्मंसुद्धा नव्हतं, कारण त्यात अर्थ नव्हती, आरसीसीबी नव्हता, मेगर नव्हता. काम नऊ दिवस लांबलं, त्यातले सहा समितीच्या परवानगीत.

१९५६ सालच्या भारतीय विद्युत नियमांच्या जागी आधी २०१० साली आणि मग २०२३ साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले. तिन्हींत एक गोष्ट कायम आहे, हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं, आणि त्याने चाचणीचा अहवाल द्यायला हवा. तो कागद मागून घ्या. त्यावर प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा, अर्थचा ओहममधला आकडा आणि आरसीसीबी किती वेळात पडला ते लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं "काम समाधानकारक" लिहिलेला अहवाल मी स्वतः कुणाला देत नाही.

ऑगस्टमध्ये त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून बोलावणं आलं. बैठकीत "आताच काय एवढं" म्हणणाऱ्या सभासदांचंच घर. त्यांचंही बाथरूम त्याच सुमाराला नवीन झालं होतं. मेन बंद केला, गीझरचं सॉकेट उघडलं. आत काळा तुकडा होता, तसाच, बहुधा त्याच हातचा. तो कापून त्यांच्या हातात दिला. वायरिंगचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. तोवर गीझरच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आहे आणि आंघोळीचं पाणी गॅसवर तापतं आहे.